दाराबाहेरची ताई

सरांनी आठ नावं वाचली, कागदाची घडी केली आणि खिशात टाकली. ताईचं नाव त्यात नव्हतं.

सायबर सुरक्षा क्लबच्या खोलीत सगळ्यांना एकदमच आपापल्या स्क्रीनवर काहीतरी महत्त्वाचं दिसायला लागलं. ही खोली विद्यापीठाच्या ग्रंथालयाखाली होती. पूर्वी तिथे मोडक्या खुर्च्या टाकत. त्या खुर्च्या बाहेर काढून, भंगारात निघालेले संगणक हातापाया पडून गोळा करून क्लब सुरू केला होता तो ताईनेच. तेव्हा तिला धरून तिघं जण होते. बाकीचे दोघं शिकून नोकरीला लागले. हिचे दोन विषय राहिले, म्हणून ही राहिली. वर्षागणिक नवीन पोरं येत गेली आणि सगळी तिला ताई म्हणायला लागली. आता तर सरसुद्धा ताईच म्हणत.

"ताई, स्पर्धेला तू राखीव म्हणून चल," सर म्हणाले. "कुणी आजारी पडलं, काही झालं, तर तू आहेसच."

"चालेल, सर."

"मनाला लावून घेऊ नकोस."

"नाही, सर."

तिला यात रागवण्यासारखं काही सापडेना. सरावाच्या फेरीत एका सर्व्हरमध्ये गुपचूप शिरायचं चोरदार शोधायला ती दुपारभर बसली होती. ते किडाने शेवटी तिच्या खांद्यावरून वाकून, चिप्स खाता खाता दाखवलं. किडा म्हणजे पहिल्या वर्षाचा, सतत गुडघा हलवणारा मुलगा. एकदा कुठल्या यंत्रात शिरला की बाहेर निघत नाही, म्हणून किडा. तो आणि त्याच्याबरोबरची पोरं तिच्यापेक्षा कितीतरी चपळ होती. सरांच्या जागी ती असती तर तिनेही हीच आठ नावं वाचली असती.

आता रडू येईल म्हणून ती जिन्यात जरा थांबली. आलं नाही. मग ती घरी गेली.

घरी बाबा स्टुलावर बसून बूट काढत होते. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. शहरातल्या निम्म्या इमारतींत वर-खाली करून झालेलं असल्यामुळे त्यांच्याकडे सांगायला निम्म्या शहराच्या गोष्टी असत. गेला महिनाभर मात्र ते जाईल तिथे एकच गोष्ट सांगत होते: आमची मुलगी हॅकर लोकांना पळवून लावणाऱ्या टीमची कप्तान आहे.

"मग, कप्तान?" त्यांनी विचारलं. "ठरली का फौज?"

"ठरली."

"तुझ्याकडे काय?"

"मेल," ती म्हणाली. "मी मेल सांभाळणार." हे वाक्य कुठून आलं तिला कळलं नाही. पाय घसरल्यावर हात आपोआप भिंतीला जातो, तसं ते आलं.

"म्हणजे पोस्टखातं म्हण ना!" बाबा खूश झाले. स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "टीमचा तो निळा शर्ट इस्त्रीला टाकायचाय का?" ताई म्हणाली, "टाक."

रात्री जेवताना दोघं स्पर्धेबद्दल बोलत होते आणि ती त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत होती. बक्षीस समारंभ घरच्यांना बघता येतो का? येतो. मग मी येतो, बाबा म्हणाले, शनिवारी माझी अर्धीच पाळी आहे. या, ती म्हणाली. खोटं बोलल्याचं वाईटही तिला वाटेना. आपल्या जागी कुणीतरी दुसरंच बसून जेवतंय आणि आपण बाजूला उभं राहून बघतोय, असं काहीतरी होतं.

शनिवारची स्पर्धा दुसऱ्या एका कॉलेजच्या इमारतीत होती. लांबलचक व्हरांडा, एका बाजूला ओळीने खोल्या, दारांवर आकडे चिकटवलेले. प्रत्येक टीमला एक बंद खोली आणि एक खोटी कंपनी मिळायची. यंदाची कंपनी म्हाताऱ्या माणसांचं पेन्शन वाटणारी होती. तिची वेबसाइट, तिचं मेल, तिचे हिशेब संध्याकाळपर्यंत चालू ठेवायचे. वरच्या मजल्यावर हल्लेखोर बसलेले असत. त्यांचा पोटापाण्याचा धंदाच तो होता: कंपन्या त्यांना बोलावून घेत आणि म्हणत, आमच्यात घुसून दाखवा. ती पट्टीची माणसं सकाळपासून पोरांच्या मानगुटीवर बसायची. शिवाय मधूनच टेबलावरचा फोन वाजायचा. कधी कंपनीचा मालक, कधी चिडलेलं गिऱ्हाईक. फोनवर कसं बोललात याचेही गुण असत, पण ते थोडे. म्हणून फोनचा सराव कुणीच करत नसे.

त्यांच्या टीमला दोन नंबरची खोली होती. दार बंद व्हायच्या आधी किडा परत बाहेर आला.

"ताई, त्या जुन्या विंडोजचं काय करायचं म्हणाली होतीस?"

"आधी त्याचा बॅकअप घे. मग हात लाव. मागच्या वर्षी आम्ही उलटं केलं आणि बसलो बोंबलत."

"बॅकअप. बरं." तो आत जाता जाता घुटमळला. "तू इथेच असशील ना?"

"जाते कुठे?"

दार लागलं. राखीव मुलांनी आत जायचं नाही, दारावर टकटक करायची नाही, मोबाइल जमा करायचे, असा नियम होता. व्हरांड्यात भिंतीला लावून खुर्च्या होत्या. पाणी प्यायच्या यंत्राशेजारी एका टीमचा राखीव मुलगा तोंड उघडं टाकून झोपला होता. आणखी दोन मुली एकमेकींच्या वेण्या घालत होत्या. ताई इस्त्रीचा शर्ट चुरगळू नये म्हणून ताठ बसली. दाराआडून खुर्च्या सरकल्याचे, कुणीतरी "गेलं, गेलं, मेल गेलं!" म्हणून ओरडल्याचे आवाज आले. मेल गेलं म्हटल्यावर आपल्याला काहीतरी वाटायला हवं, असं तिच्या मनात आलं. ती समोरच्या भिंतीवरचं अग्निशामक नळकांडं बघत राहिली. नळकांड्यावर तपासणीची चिठ्ठी होती. ती तिने पूर्ण वाचली.

दुपारकडे आयोजकांपैकी एक बाई व्हरांड्यातून घाईघाईने आल्या. चष्मा डोक्यावर सरकवलेला, हातात कागदांचा गठ्ठा. सगळ्या राखीवांवरून नजर फिरवून त्या ताईपाशी थांबल्या.

"तुला बोलता येतं का?"

"म्हणजे?"

"फोनवर. आमच्या गिऱ्हाइकाचा घसा बसलाय. एक जण कमी पडतंय."

"मी दोन नंबरच्या टीमची राखीव आहे, मॅडम."

"दोन नंबरला तू फोन करायचाच नाही. पाच आणि सहा. गुणही तू द्यायचे नाहीत, ते मी देणार, शेजारी बसून ऐकणार. तू फक्त लिहिलंय ते बोलायचं. चल, इथे बसून तरी काय करणार आहेस?"

हे खरं होतं. ताई उठली.

फोनची खोली म्हणजे पडदे ओढलेला एक लहानसा वर्ग होता. चार टेबलं, चार फोन, प्रत्येकापाशी कुणीतरी कुणाचा तरी नवरा किंवा मालक किंवा म्हातारा बाप होऊन बोलत होता. मॅडमनी तिच्यापुढे कागद ठेवला. त्यावर लिहिलं होतं: तुम्ही निवृत्त शिक्षिका. वय सत्तरच्या पुढे. पेन्शनची पावती उघडत नाही. चिडा.

तिने सहा नंबरला फोन लावला.

"माझी पावती उघडत नाहीये," ती म्हणाली.

मॅडमनी कागदावरच्या 'चिडा' या शब्दावर बोट ठेवलं. ताईने प्रयत्न केला, पण आवाज तसाच सपाट आला. "सकाळपासून उघडत नाहीये. तुम्ही काय करता तिथे बसून?"

"आजी, प्लीज ओरडू नका," पलीकडची मुलगी रडकुंडीला आली. "आम्ही बघतोय म्हटलं ना!" आणि तिने फोन आपटला.

"मी ओरडले नाही," ताई मॅडमना म्हणाली.

"छे. त्याहून वाईट केलंस," मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या. "अंगावर काटा आला माझ्या. असंच चालू दे."

पाच नंबरला फोन बराच वेळ वाजला. मग उचलला गेला आणि एका मोठ्या माणसाचा, जाडसर आवाज आला. पोरांच्या स्पर्धेत असा आवाज असेल अशी तिची अपेक्षा नव्हती.

"नमस्कार. बोला."

"माझी पावती उघडत नाहीये."

"कधीपासून, बाई?"

"सकाळपासून."

"सकाळपासून वाट बघताय तुम्ही. बरं. नाव सांगता? मी लिहून घेतो. जरा सावकाश सांगा, माझा हात हळू चालतो." मागून पोरांचा गोंधळ ऐकू येत होता, कुणीतरी "काका, फोन ठेवा ना, ती केबल द्या!" म्हणत होतं. त्याने केबल दिली असावी. फोन ठेवला नाही. "हां. लिहिलं. आता खरं सांगू का? आमच्याकडे आत्ता बरंच काही बंद पडलंय. तुमची पावती आज उघडेल असं मी म्हणणार नाही, कारण मला माहीत नाही. उघडली की मी तुम्हाला फोन करेन. नाही उघडली तरी संध्याकाळी करेन."

कागदावर यापुढे लिहिलं होतं: त्यांनी आश्वासन दिलं तर धमकी द्या. पण हे आश्वासन म्हणावं की नाही, तिला कळेना.

"मी वरपर्यंत तक्रार करेन," ती म्हणाली.

"करा. जरूर करा. वरच्यांनी ऐकलं तर आमचंही भलं होईल."

शेजारच्या टेबलावरचा मालक झालेला माणूस स्वतःचा फोन विसरून हसला. मॅडम नुसत्या लिहीत होत्या.

थोड्या वेळाने मॅडमनी दुसरा कागद पुढे केला. ही खरी कसोटी, त्या म्हणाल्या. त्याच म्हाताऱ्या बाईंनी पुन्हा फोन करायचा, पासवर्ड विसरले म्हणून सांगायचं आणि ओळख न पटवता नवीन मागायचा. कुणी दयेपोटी दिला की तो थेट वरच्या मजल्यावर हल्लेखोरांच्या हातात. सहा नंबरच्या मुलीने तो पहिल्याच वाक्याला देऊन टाकला. पुन्हा त्या बाईंशी बोलावं लागू नये, म्हणून.

मग पाच नंबर. फोन त्यानेच उचलला.

"बाई, तुमची पावती अजून..."

"पावती नको. माझा पासवर्ड बदलून द्या. मी विसरले."

"देऊ की. तुमचा जो नंबर आमच्याकडे नोंदलेला आहे, त्यावर मी परत फोन करतो."

"तो फोन बंद आहे."

"मग तुम्हाला समक्ष यावं लागेल, बाई. किंवा घरचं कुणी."

"घरी कुणी नाही. मला चालता येत नाही. तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?"

"आहे. तुम्ही खऱ्याच असाल. पण मला तुमच्या आवाजापलीकडे तुमचं काहीच माहीत नाही. उद्या असाच आवाज काढून दुसऱ्या कुणी तुमचं पेन्शन नेलं, तर तुम्ही मलाच विचाराल ना, की कसा दिलास?"

मॅडमनी कागदावर पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे एकच शब्द होता. रडा.

ताईने मॅडमकडे बघून मान हलवली. जमणार नाही. मॅडमनी हाताने खूण केली, कर काहीतरी. ताईने तोंड उघडलं. बोलायचं काय, हे तिला ठरवायचं होतं.

"मी इतकी वर्षं केलं तिथे," ती म्हणाली. "सगळं मीच केलं. कुणी नव्हतं तेव्हापासून. आणि आता..."

 डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते इतकं आलं की हनुवटीवरून शर्टावर पडलं. तिला नवल वाटत होतं ते याचंच, की आत काही होत नव्हतं. छाती हुंदके देत होती आणि ती शांतपणे टेबलावरच्या डागाकडे बघत होती. डाग चहाचा होता.

 पलीकडे त्या माणसाच्या मागचा आरडाओरडा चालूच होता. "काका, अहो डेटाबेस गेला! ठेवा तो फोन!"

"मी फोन ठेवत नाहीये, बाई," तो म्हणाला. "सावकाश होऊ द्या. मी आहे."

ती रडत राहिली. तो थांबला. तिचं नाक ओढणं कमी झाल्यावर तो म्हणाला, "पासवर्ड मात्र मला देता येणार नाही. वाईट वाटतंय मला. पण देणार नाही."

"बरं," ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मॅडमनी पेन खाली टाकलं. "कमाल केलीस! नाटकात-बिटकात होतीस का कधी?"

"नाही," ती म्हणाली, आणि शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.

संध्याकाळी सभागृहात निकाल लागला. बाबा कामावरून तसेच आले होते. डगल्यावर वंगणाचा पट्टा, हातात मोबाइल आडवा धरलेला. तिसऱ्या रांगेतून त्यांनी तिला हात केला. तिनेही केला. ती सरांच्या मागच्या रांगेत बसली होती.

फोनवर सर्वांत चांगली वागणूक दिल्याबद्दल एक प्रमाणपत्र होतं. ते पाच नंबरच्या खोलीला मिळालं. पोरांनी ढकलत ढकलत एका माणसाला पुढे केलं. कानांवरचे केस पांढरे, अंगात स्वेटर. वयाने सरांच्याही पुढचा असावा. तो प्रमाणपत्र घेऊन कुठे उभं राहायचं ते न कळून मंचाच्या मधोमध थांबला. बाकी स्पर्धेत त्याची टीम शेवटून दुसरी आली होती.

पहिली आली दोन नंबरची खोली.

किडा खुर्चीवर चढला. सगळे एकमेकांच्या अंगावर पडले. मंचावरून सरांनी वळून ताईला बोलावलं, "ये, ये, तूही ये," आणि ती गेली, ओळीच्या टोकाला उभी राहिली. पदकं आठच होती. किडाने तिचा खांदा धरून हलवत तिच्या कानात ओरडून सांगितलं, "बॅकअप! ताई, बॅकअपनेच वाचलो!" ती हसली. फोटोत हसावं लागतं तितकं. समोर बाबा उभे राहून टाळ्या वाजवायचा प्रयत्न करत होते. मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवून टाळ्या वाजवणं काही त्यांना जमत नव्हतं.

नंतर बाहेर, जिथे जमा केलेले मोबाइल परत मिळत होते त्या रांगेत, बाबा तिच्याशेजारी येऊन उभे राहिले.

"तुला पदक नाही दिलं?"

"आठच होती, बाबा."

"आणि कप्तानाला नाही?"

"मी कप्तान नव्हते. मी आतही नव्हते. मी राखीव होते."

बाबांनी मोबाइल खिशात घातला. "आणि मेल?"

"मेल दुसऱ्यानेच सांभाळलं."

"बाई?" मागून कुणीतरी म्हणालं.

दोघांनी वळून पाहिलं. पाच नंबरचा माणूस होता, प्रमाणपत्राची सुरळी हातात. तो ताईकडे बघत होता, पण बघण्यापेक्षा ऐकत होता. "पेन्शनवाल्या बाई तुम्हीच ना?"

"हो," ती म्हणाली.

"मला वाटलं होतं सत्तरीच्या." तो ओशाळून हसला. "ते रडणं लिहिलेलं होतं का?"

"लिहिलेलं होतं."

"बरं," तो म्हणाला. त्याचा विश्वास बसला नव्हता आणि त्याने वादही घातला नाही. रांग थोडी पुढे सरकली. "मी उशिरा शिकायला लागलो. पोरं चांगली आहेत, मान देतात. पण एकदा का काका म्हटलं, की मग खुर्ची देतात, कीबोर्ड देत नाहीत." त्याने सुरळी दाखवली. "फोन दिला. तो कुणाला नको होता."

"मला ताई म्हणतात," ती म्हणाली.

त्याने मान डोलावली, जणू तिने आजाराचं नाव सांगितलं होतं आणि तो त्याच्या ओळखीचा होता. मग त्याला कुणीतरी हाक मारली आणि तो गेला.

बसमध्ये बाबा खिडकीपाशी बसले.  मग म्हणाले, "मी सगळ्यांना सांगून बसलोय. सोमवारी काय सांगू?"

"राखीव होते म्हणून सांगा."

"राखीव म्हणजे काय काम?"

"कुणी पडलं तर आत जायचं."

"पडलं का कुणी?"

"नाही."

बाबांनी यावर विचार केला. "आमच्याकडेही एक जण राखीव असतो. दिवसभर पत्ते खेळतो. पण तो आहे म्हणून बाकीचे बिनघोर वर चढतात." ते तिच्याकडे वळले. "मला आधीच का नाही सांगितलंस?"

"माहीत नाही."

"मी चिडलो असतो असं वाटलं?"

"नाही, बाबा. काहीच वाटलं नव्हतं."

हे ऐकून ते जरा घाबरल्यासारखे झाले. त्यांनी तिचा हात हातात घेतला. त्यांचा हात खरखरीत होता, वंगणाचा वास येत होता. तिने हात तसाच राहू दिला.

सोमवारी ती क्लबच्या खोलीत गेली. पदकं एका खिळ्याला लटकवलेली होती आणि किडा नवीन आलेल्या दोन मुलींना काहीतरी समजावत होता, गुडघा हलवत. ताईने किल्लीच्या जुडग्यातून खोलीची किल्ली सोडवली आणि त्याच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"तू सगळ्यात आधी येतोस. तुझ्याकडे असू दे. माझे दोन विषय आहेत."

"पण येशील ना तू, ताई?"

"बघू."

"बघू म्हणजे नाही," किडा म्हणाला. त्याचा गुडघा थांबला होता.

"बघू म्हणजे बघू," ती म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं. सर आले तेव्हा ती जिन्यात होती. सरांनी विचारलं, बरी आहेस ना? ती म्हणाली, हो सर, अभिनंदन. सर तिथेच उभे राहिले. तिने त्यांच्यासाठी वाट करून दिली आणि ती वर गेली.

बाहेर लख्ख ऊन होतं. इतक्या वर्षांत या वेळेला ती कधी बाहेर नसायची. काय करावं ते न सुचून ती घरी गेली. दार उघडताना आई दचकलीच. "आज इतक्या लवकर?"

"हो."

"काही खातेस?"

"नको."

ती आपल्या खोलीत जाऊन, बूटही न काढता, आडवी झाली. संध्याकाळी बाबा आले, तरी ती उठली नव्हती. आईने आत जाऊन तिच्या पायांतले बूट काढले, कपाळावर हात ठेवून पाहिला, आणि दार अर्धवट ओढून बाहेर आली.

"ताप नाहीये," ती म्हणाली.

"मग?" बाबांनी विचारलं.

"झोपलीये. घोरतेय चक्क."

बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला.